थोरल्या भावजींचा ताओ

मनकर्णाचा चिन्यांवर राग होता, हे गावात सगळ्यांना कबूल होतं. तिचा नवरा रंगनाथ बासष्टच्या लढाईत सरहद्दीवर गेला तो परत आला नाही. तेवढा राग कुणीही धरील. पण तिचा खरा राग होता तो अडीच हजार वर्षांमागं मरून माती झालेल्या दोन-चार चिनी म्हाताऱ्यांवर, आणि हे मात्र कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. ते म्हातारे घरात आणले होते तिच्या थोरल्या दिरानं, राधाकृष्णानं.

राधाकृष्ण संगमनेरला कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचा. शनिवारच्या एसटीनं गावी यायचा, धोतर बदलून ओसरीवर बसायचा आणि पुस्तक उघडायचा. भाऊ हरवला तेव्हा, ही माणसं आहेत तरी कोण, म्हणून त्यानं कॉलेजच्या लायब्ररीतनं चीनवरचं एक इंग्रजी पुस्तक आणलं, आणि त्यातच मुरला. पारावर बसणारी माणसं म्हणायची, धाकटा चिन्यांनी नेला, आता थोरलाही त्यांच्यातच गेला. तो हसायचा. त्याला काहीही म्हटलं तरी तो हसायचा, आणि ते हसणं बघितलं की मनकर्णाच्या हातातली काटवट आपटली जायची.

रंगनाथबद्दल पलटणीकडनं आधी आलं ते 'बेपत्ता'. मग काही महिन्यांनी आलं, मृत समजावे. सासू आक्काबाईनं त्यातला शेवटचा शब्द तेवढा धरला. "समजा म्हनत्यात. मेला म्हनत न्हाईत. ज्यांला समजायचं त्यांनी समजा, माझा रंगा जित्ता हाय." झालं. त्या दिवसापासनं मनकर्णानं कपाळ मोकळं ठेवलं तर घरात शिव्या, आणि कुंकू लावून बाहेर पडली तर गल्लीत कुजबूज. कुणाच्या बारशाला गेली तर हळदीकुंकवाचं तबक तिच्यापर्यंत यायचं, जरा थांबायचं, आणि पुढच्या बाईकडं सरकायचं. कुणी तिला हाकलत नव्हतं. तबक फक्त थांबायचं. अठराव्या वर्षी सुरू झालेलं हे, आता ती तिशीला टेकली होती.

आणि यंदा संक्रांतीच्या आधी तिला स्टँडवर पुंजाराम भेटला. रंगनाथच्याच पलटणीतला, आता साखर कारखान्यात ट्रकवर होता. त्यानं तिच्या कपाळाकडं बघितलं आणि बिडी विझवली.

"वयनी, आजून कुकू?"

"मग काय लावू, राख?"

"सरांनी सांगितलं न्हाई व्हय? मी तवाच येऊन सांगितलं हुतं त्यांला. रंगा माझ्या म्होरंच पडला. छातीत लागली. वर दगडं रचली आमी, तितं मातीच न्हवती." तो खाली बघून बोलला. "सर म्हनले, आईला मी सांगतो, तू नको. म्हनून मी गप."

मनकर्णा घरी आली, चुलीपुढं बसली आणि दुष्काळात रेशनवर मिळणाऱ्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी थापल्या. रडली नाही. नवऱ्यासाठी रडायचं ते दहा वर्षांत कधीच आटलं होतं. आत पेटलं ते वेगळंच होतं. तो माणूस दर शनिवारी ओसरीवर बसून गप्प राहण्याचं मोठेपण सांगत होता, आणि कशावर गप्प बसला होता ते आता कळलं होतं. तिला एकच पाहिजे होतं. राधाकृष्णानं स्वतःच्या तोंडानं, आईपुढं, चार माणसांत म्हणायचं की रंगा मेला. पुंजाराम सांगील तर म्हातारी त्याला खोटा पाडील. ती स्वतः सांगील तर म्हणतील, हिला मोकळं व्हायचंय. थोरल्या लेकाच्या तोंडचंच म्हातारी खरं धरणार.

आता अडचण अशी, की थोरल्या दिराशी धाकट्या भावजयीनं बोलायचंच नाही, अशी त्यांच्या घरातली रीत. समोर आला तर पदर पुढं ओढायचा आणि दाराआड व्हायचं. काही विचारायचं असेल तर मधी कुणीतरी लागायचं. हे मधलं माणूस म्हणजे राधाकृष्णाची पोरगी छबू. सतरा वर्षांची, मनकर्णाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं होतं. उंबऱ्यावर बसून गहू निवडायची, आणि इकडचं तिकडं, तिकडचं इकडं सांगायची. तिघंही एकमेकांना ऐकू येईल इतक्या जवळ असायचे, तरी छबूशिवाय गाडी हलायची नाही.

एका शनिवारी मनकर्णानं आतून सुरू केलं.

"छबे, तुझ्या नानांना इच्यार, ती ताओ ताओ म्हंत्यात ती भानगड काय हाय."

राधाकृष्णाला बरं वाटलं. घरात पहिल्यांदाच कुणी विचारलं होतं. "काकूला सांग, त्याला शब्दच नाही. शब्दात पकडायला गेलं की निसटतं. आपण ब्रह्म म्हणतो ना, तसंच समज. आपण नाव ठेवतो आणि अखंड गोष्टीचे तुकडे करतो. एकाला चांगलं म्हणालं की दुसरं वाईट होतं. म्हातारे म्हणायचे, हे सगळं माणसानं केलेलं, खाली काही नाही."

"इच्यार, चिनी लोक त्याला ल्हितात कसं. आक्षराचा अर्थ काय?"

"अर्थ वाट. रस्ता. आणि गंमत म्हणजे, सांगणं, बोलणं, यालाही तेच अक्षर आहे."

आत भाकरी परतल्याचा आवाज झाला.

"मंग बरम कुठनं आनलं मधीच?" मनकर्णा म्हणाली. छबूचं नाव घ्यायला ती विसरली, मग आठवून म्हणाली, "इच्यार छबे. ती तर सरळ म्हनत्यात की सांगनं हीच वाट. बैलाला हाळी दिली की बैल वळतो. तो काय इच्यार करतो, हाळी खरी का खोटी? वळतो. तसं मानसाला ल्हानपनी शब्द शिकवत्यात, आन शब्दासंगं शिकवत्यात की हितं हात लावायचा, हितं लावायचा न्हाई. ह्याला भ्यायचं, ह्याची आस धरायची. मंग जलमभर मानूस त्या वाटंनं चालतं. म्हाताऱ्यांची तक्रार ती आसंल. तुझ्या नानांनी त्यांला देवळात नेऊन बशिवलं."

राधाकृष्णानं पुस्तक मांडीवर पालथं घातलं. हसला. "काकू तुझी दुसऱ्या पंथाची आहे. त्या वेळी तिथं एक दरबारी होता. तो म्हणायचा, आधी नावं दुरुस्त करा. राजाला राजा म्हणा, बापाला बाप म्हणा, म्हणजे राज्य आपोआप नीट चालेल. माझे म्हातारे त्याला हसायचे. एक नाव काढून दुसरं लावलं तर सुटका कसली? बेडी बदलली, एवढंच."

"हसाया काय जातंय. त्यांच्या घरात कुनी बेपत्ता हुतं का, इच्यार."

राधाकृष्ण हसायचा थांबला. त्याची बायको मालनबाई अंगणात सांडगे घालत होती, तिनं मान वर केली. वातावरण सैल करायला तो म्हणाला, "तिथं एक तर असा होता, की पांढरा घोडा म्हणजे घोडाच नव्हे म्हणायचा, आणि तासभर पटवून द्यायचा."

"त्याला त्याच घोड्याची लाथ खाऊ घालायची," मालनबाई म्हणाली. "सांडगं वाळाय घातल्यात, कोंबड्या बघ छबे."

असं होता होता मे महिना उजाडला. दुष्काळातलं लग्न, म्हणून आटोपशीर करायचं ठरलं. मांडव पडला. हळद कांडायच्या घाण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी बायका पाण्याला गेल्या, छबूला मेंदीला नेलं, आणि राधाकृष्ण ओसरीवर एकटाच पानांचे द्रोण मोजत बसला होता. मनकर्णा दाराआड आली. मधी कुणी नव्हतं. तिनं दाराच्या फळीलाच सांगितलं.

"पुंजाराम भेटला हुता."

द्रोण मोजणारा हात थांबला. तोही फळीकडं बघून बोलला. "कधी?"

"संक्रांतीला. तुमास्नी जे सांगितलं तेच मला सांगितलं."

"आईला सहन झालं नसतं."

"आन मला?"

"हे बघ, तो शब्द उच्चारला म्हणजे रंगा गेला आणि नाही उच्चारला म्हणून आहे, असं नसतं. जे आहे ते शब्दाच्या पलीकडं आहे."

"माझं आसंच आसतं. तुमी म्हनलं की तो ग्येला. तुमी म्हनत न्हाई तवर त्याला माझ्या कपाळावर धरून ठिवलाय. धा वरसं ती शब्दाच्या पल्याडचं मी डोक्यावर घिऊन पानी भरतीय."

"लग्न होऊ दे," तो म्हणाला. "आता तोंडातनं काढलं तर सुतक. पुतळा करून दहन करायचं, क्रिया करायची, तोवर मांडव उतरवावा लागेल. पोरीनं काय केलंय तुझं? लग्न झालं की बघू."

"तुमी बघतच आलाय."

त्यानं पुन्हा द्रोण उचलले. मोजणी दोनदा चुकली, हे तिनं फटीतनं बघितलं. तिला कणव आली नाही. तिला एवढंच दिसलं, की ह्या माणसाच्या गप्प बसण्याला तळ आहे. सुतकाला तो भितो. म्हणजे शब्दानं काही होत नाही असं तो नुसतं म्हणतो, त्याचा विश्वास नाही. आणि सुतकापेक्षा जास्त तो कशाला भीत असेल, ते ती पाणी तापवताना, भांडी घासताना शोधत राहिली. सापडलं तेव्हा तिला स्वतःचीच जरा भीती वाटली. छबूचा चेहरा डोळ्यापुढं आला. तो तिनं बाजूला सारला.

घाण्याची रीत अशी. दोन मुसळं जवळ घ्यायची, त्यांना आंब्याची पानं आणि हळकुंड सुतानं बांधायचं, आणि पाच सवाष्णींनी मिळून ती धरून उखळात हळद कांडायची. तीच हळद नवरीच्या अंगाला लागते. सवाष्णी निवडायच्या त्या पारखून. एखादीच्या नवऱ्याला नुसता ताप असला तरी तिला बाजूला ठेवतात.

सकाळी मालनबाईनं मनकर्णाला गोठ्यात पिटाळलं. "तुमी म्हशीचं बघा बाई. तुमच्याशिवाय ती दूद देत न्हाई." हे दरवेळचंच होतं. पण आक्काबाई मांडवात बसल्या बसल्या कडाडली. "म्हशीचं कशाला? माझी सून हाय ती. माझा रंगा जित्ता हाय. पैला हात तिचा लागंल, न्हाईतर मी उखळाला हात लावू द्याची न्हाई."

दरवेळी मनकर्णा अशा वेळी आपणहून मागं सरायची. आज ती गोठ्यातनं आली ती हिरवं लुगडं नेसूनच. हातभर बांगड्या आणि कपाळावर अधेलीएवढं कुंकू. मालनबाईचा चेहरा पडला. तिला पुंजारामचं ठाऊक नव्हतं, पण दहा वर्षांचा संशय होताच.

"बाई," मालनबाई हळू आवाजात म्हणाली, "हौसेला दुसऱ्या येळी बघू की. पोरीची हळद हाय."

"आत्याबाई म्हनत्यात," मनकर्णा म्हणाली.

आक्काबाईनं मान डोलावली. चौघीजणी उखळाभोवती बसल्या, त्यात मालनबाईही. छबू पाटावर, कपाळाला मुंडावळीचा दोरा. मनकर्णानं मुसळावर हात ठेवला. मग मान वर करून सरळ मांडवाच्या तोंडाशी उभ्या असलेल्या राधाकृष्णाकडं बघितलं. बघितलं एवढ्यानंच दोन बायकांनी आपापला पदर सावरला. थोरल्या दिराकडं असं बघत नाहीत.

"भावजी," ती म्हणाली. "कांडू का?"

मांडवात कुणी कुणाकडं बघेना. राधाकृष्ण छबूकडं वळला.

"छबू, काकूला सांग—"

"छबीला मधी घालू नका. मी हितं हाय. मला सांगा. मी सवाष्ण हाय का न्हाई?"

"आगं, काय इच्यारतीयास त्याला?" आक्काबाई म्हणाली. "कांड."

मनकर्णानं मुसळ उचललं. पाच हातांनी ते वर गेलं. तिची नजर राधाकृष्णावरनं हलली नाही. तो बोलला तर लग्न मोडत होतं. तो गप्प राहिला तर मेलेल्या भावाच्या बायकोच्या हातची हळद त्याच्या पोरीच्या अंगाला लागत होती, आणि मांडवात हे माहीत असलेली दोनच माणसं होती. नावाखाली काही नसतं, हे त्यानं किती शनिवार सांगितलं होतं. आता ते खरं करून दाखवायला त्याला फक्त गप्प उभं राहायचं होतं. काहीच करायचं नव्हतं.

"ठेव," तो म्हणाला.

"का ठिवू?"

"खाली ठेव ते. रंगा गेलाय."

"कुठं?" आक्काबाईनं विचारलं.

"मेलाय तो, आई. बासष्टलाच मेला. पुंजारामनं डोळ्यानं बघितलं. खाली ठेव ते मुसळ, माझ्या पोरीच्या हळदीला लावू नको."

चार हात एकदम सुटले. दोन मुसळांचं ओझं एकट्या मनकर्णाच्या मनगटावर आलं आणि ती वाकली. मालनबाईनं आधी छबूला दंडाला धरून पाटावरनं ओढली, मग उखळातली हळकुंडं दोन्ही हातांनी उपसून मांडवाबाहेर फेकली, एक सुद्धा कांडलं गेलं नव्हतं तरी. शेजारची एकजण आपल्या लेकराला घेऊन लांब जाऊन उभी राहिली. कालपर्यंत जे तबक तिच्यापुढं थांबायचं, ते आता तिच्या दिशेला वळणारच नव्हतं, हे मनकर्णाला सगळ्यांच्या पायांकडं बघून कळलं. पाय मागं सरकत होते. राधाकृष्णाच्या तोंडातनं शब्द पडून अजून घटका सुद्धा झाली नव्हती.

आक्काबाई उठली. सगळ्यांना वाटलं, ती लेकाकडं जाईल. ती मनकर्णाकडं आली आणि तिच्या थोबाडीत मारली.

"तूच खाल्लास."

"तुमचा लेक ठावं आसून गप हुता, आत्याबाई. धा वरसं. त्याला इच्यारा."

"तू बोलिवलंस त्याला. तुलाच बोलवायचं हुतं. आता झाली का हौस?" म्हातारीनं तिच्या कपाळाकडं हात नेला, कुंकू पुसायला.

मनकर्णानं मनगट धरलं. जोरात धरलं, म्हातारीच्या हाताची हाडं बोटांना लागली. "मी पुशीन. आदी त्याला आग्नी द्या. वर दगडं रचून ठिवलाय त्याला तितं."

आक्काबाईला तोवर रडू आलं नव्हतं. दगडांचं ऐकलं आणि ती जागच्या जागी बसली.

छबू मांडवाच्या खांबाशी उभी होती. तिच्या कपाळाचा दोरा एका बाजूला लोंबत होता. "काकू," ती म्हणाली, "माझ्याच लग्नात करायचं हुतं का?"

मनकर्णाला तिला सांगता आलं असतं, की तुझं लग्न नसतं तर तो बोललाच नसता. ते खरं होतं म्हणून तिनं सांगितलं नाही. "व्हय," ती म्हणाली. "तुझ्याच." छबूनं तोंड फिरवलं ते मनकर्णाकडं पुन्हा वळवलं नाही.

नवरदेवाकडं सायकलवरनं माणूस धाडला. दुपारपर्यंत मांडवावरच्या आंब्याच्या डहाळ्या उतरल्या. भटजी आले, त्यांनी विचारपूस केली आणि सांगितलं, देह नाही तेव्हा पळसाच्या पानांचा पुतळा करावा लागेल, नदीला नेऊन दहन, मग दहा दिवसांचं. पुतळा सख्ख्या भावानं बांधायचा. पळसाची पानं आणायला कुणी उठेना, तेव्हा मनकर्णाच विळा घेऊन ओढ्याच्या काठाला गेली आणि भारा बांधून घेऊन आली. अजून कुंकू होतं कपाळावर. वाटेत दोघी जणी भेटल्या, त्यांनी रस्ता सोडला. आधी कुणी रस्ता सोडत नव्हतं, आधी नुसतं बघायचे.

राधाकृष्ण ओसरीखाली बांधायला दर्भाच्या दोऱ्या वळत बसला होता. पुस्तक कुठं दिसत नव्हतं. मनकर्णानं भारा त्याच्यापुढं टाकला.

"मला वाटलं होतं," तो खालीच बघून म्हणाला, "आपण नाव देत नाही तोवर ती गोष्ट कुणाला इजा करत नाही. खरंच वाटायचं मला ते."

"तुमाला करत न्हवती."

"आणि आता तुझं काय बरं झालं? एक नाव गेलं, दुसरं लागलं. हे वाईट आहे त्याच्यापेक्षा. मी म्हणालो होतो तुला."

तो खोटं बोलत नव्हता. सकाळपासनं मागं सरकलेले सगळे पाय तिनं बघितले होते. "व्हय," ती म्हणाली. "पर आता मला ठावं हाय कोन मेलं ते. बांदा."

त्यानं पानं उचलली. डोक्याची जुडी झाली, हातांची झाली. मग पायांपाशी येऊन तो थांबला.

"किती उंच करायचा?"

मनकर्णानं स्वतःच्या डोक्यावर हात धरला. मग जरा वर नेला. मग खाली आणला. तो पलटणीत परत गेला तेव्हा लग्नाला पुरते सहा महिने झाले नव्हते, आणि त्या सहा महिन्यांतही ती त्याच्यापुढं मान खाली घालूनच उभी राहायची. तिला त्याची पायतणं आठवत होती, गुडघ्यावरचा वण आठवत होता. वरचं काही नीट आठवेना.

"मला न्हाई सांगता यायचं," ती म्हणाली. "भाऊ तुमी. तुमी सांगा."

राधाकृष्ण हातात पानं धरून बसला. एकदा त्यानं उंबऱ्याकडं बघितलं, तिथं कुणी नव्हतं. मग तो सांगायला लागला. तो स्वतः रंगाच्या कानाएवढाच लागायचा. माळ्याच्या शिडीवर कधी पाय ठेवायचा नाही, नुसता हात वर करून भोपळा काढायचा. त्याच्या शर्टाच्या बाह्या नेहमी आखूड पडायच्या आणि आई टीप सोडून वाढवायची. आत आक्काबाईचं रडणं थांबलं, ती ऐकत असावी. मनकर्णा भाऱ्यातली लांब लांब देठं निवडून एकेक त्याच्या हातात देत राहिली.